पायलीचे लिटर किती?

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मापांचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. परंतु घरात आलेले धान्य पिढ्यान्‌पिढ्या आपणच मोजले. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक पूर्वी मुले पाठ करीत. कोष्टक एक असले तरी भांडे एक नव्हते. गावोगावची पायली लहानमोठी असे. शिवाय वजनाचा शेर निराळा, 80 तोळ्यांचा. म्हणून मापी मण 48 शेरांचा, तर वजनी मण 40 शेरांचा, म्हणजे सुमारे 37.32 किलोग्रॅमचा. त्यातच शिगेचा तंटा. रुंद तोंडाच्या भांड्यावर शीग मोठी राहते. घेताना शिगेने घ्यायचे व देताना सपाट द्यायचे, ही युक्ती ज्याच्या हाती माप त्यालाच साधे. उसने धान्य आणणाऱ्या बाईने दाद मागावी कोठे?

हा वेगळेपणा मराठी गावांपुरताच नव्हता. आपल्या विठ्ठलवाडीशेजारच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्यांच्या सिंधमध्ये धान्य कासो व खरार या मापांनी मोजीत. अशा शेजारात सर्वांना समजेल असे एकच माप हवे होते, असे मला वाटते.

1956 साली केंद्र सरकारने वजनमापांचा कायदा केला. 1958 च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली व 1962 च्या एप्रिलपासून जुन्या पद्धती मागे घेण्यात आल्या. रॉकेलच्या गॅलनचा हिशेब सोपा होता. विलायती गॅलन सगळीकडे एकच, 4.546 लिटरचा. पायलीचे तसे नाही. तिचे लिटर किती, हे ज्या त्या भांड्यालाच विचारावे लागते.

त्याची रीत अशी. माप काठोकाठ पाण्याने भरावे व ते पाणी लिटरच्या मापाने मोजावे. तांदळाने मोजू नये, कारण भांडे हलले की दाणे खाली बसतात. लिटरला किलोही समजू नये. लिटरभर पाणी किलोभर भरते, पण लिटरभर गोडेतेल सुमारे 910 ग्रॅमच भरते.

ज्यांच्या माळ्यावर जुना शेर वा पायली असेल, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी अशी मोजावी आणि गावाच्या नावासह आकडा मंडळाच्या वहीत लिहावा, ही माझी विनंती. पुढील स्मरणिकेत आपले स्वतःचे कोष्टक छापता येईल.