भूक घराबरोबर निघते

आजचा भाग विरारच्या फुलपाड्यातून. इथून पापडखिंड धरणाकडे चालत जाताना दोन्ही बाजूंना इमारतीच इमारती. त्यांच्या विटा कुणी थापल्या, हा प्रश्न मला इतकी वर्षं कधी पडलाच नाही. आज तिथूनच सुरुवात करू.

पालघरचं कुपोषण म्हटलं की १९९२ साल आठवतं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभरावर मुलं दगावली, तेव्हा सगळीकडे हळहळ झाली. पण शाळेत जाणाऱ्या मुलाची भूक बातमी होत नाही. ते मूल वर्गात बसतं, फक्त वयापेक्षा लहान दिसतं. कारण विचारलं की यादी येते: आईचं शिक्षण कमी, लग्न लवकर, दोन मुलांत अंतर नाही, जेवणात डाळ-भाजी नाही. याला म्हणतात 'घरगुती कारणं'. म्हणजे दोष घराचा! मला हे पटत नाही. कारणं खरी आहेत, पण त्यांना इतिहास आहे.

या भागात लग्नगडी नावाची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. म्हणजे संसाराची सुरुवातच कर्जाने. १९४५ साली झरीच्या सभेत हजारो वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध उभे राहिले. लग्नगडी मोडली. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध केंद्राचा कायदाही आला.

उचल मात्र राहिली. डोंगरउतारावरची नाचणी, वरई, भात वर्षभर पुरत नाही. आजारपण, सण, लग्न यांसाठी वीटभट्टीवाल्याकडून आगाऊ पैसे घेतले जातात. मग दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वसई, भिवंडीकडे निघतं, ते पावसाच्या तोंडावर परततं. भट्टीवर आई पहाटेपासून चिखलात. चूल पेटवायला वेळ नाही, पाणी लांब. मुलांना भात आणि पातळ कालवण. तान्ह्याला थोरली बहीण सांभाळते, म्हणून तिची शाळा सुटते. तिचंच पुढे लवकर लग्न होतं. यादीतलं पहिलं कारण पुन्हा तयार!

आणि शाळेतलं जेवण? १९९५ मध्ये पोषण आहार योजना आली, तेव्हा हातात तांदूळ मिळायचा. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं. योजना चांगलीच आहे. पण खिचडी गावात शिजते आणि मूल भट्टीवर असतं. मी डेटाबेसचं काम करतो. पत्ता कधी बदलणारच नाही असं धरून टेबल बांधलं, तर पत्ता बदलणारा माणूस त्यातून गळतो. इथे तेच झालंय.

गंमत म्हणजे हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. झरीची सभा झाली त्याच १९४५ मध्ये, जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. मुलं येत नाहीत, कारण ती भावंडं सांभाळतात, गुरं राखतात, हे त्यांनी पाहिलं. मुलांना दोष न देता त्या शाळाच अंगणात घेऊन गेल्या. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरली. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. नाव घेतलं, चालत जाणं विसरलो. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, तेव्हा तोच धागा पुन्हा हाती आला. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: घर हलतं, तर ताट आणि पाटीही हलली पाहिजे. आणि घर हलूच नये असं वाटत असेल, तर दिवाळीआधी गावात काम आणि वेळेवर मजुरी हवी. म्हणजे उचल घ्यायची वेळच येणार नाही.

तुमच्या शेजारी बांधकाम सुरू असेल, तिथे मुलं दिसतील. त्यांची नावं जवळच्या अंगणवाडीत, शाळेत आहेत का, एवढं जाऊन विचारा. काय उत्तर मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.