नवा स्विच बसवला, तरी स्पीड १०० वरच का?

शाळेच्या किंवा मदरशाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीज वाचवणारा नवा स्विच बसवला की दोन तक्रारी हमखास येतात. एक, स्विच आणि नेटवर्क कार्ड दोन्ही गिगाबिटचे असूनही लिंक १०० एमबीपीएसच दाखवते. दुसरी, लिंक मध्येच तुटते आणि काही सेकंदांनी परत जुळते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला दाखला अपलोड होत असताना असे झाले की मेहनत वाया! पण या दोन्हींची कारणे बहुधा वेगळी असतात.

वीज बचतीच्या या तंत्राला एनर्जी एफिशियंट इथरनेट म्हणतात. ८०२.३एझेड हे त्याचे २०१० चे मानक. तारेवरून डेटा जात नसेल तेव्हा कार्ड आणि स्विच डुलकी घेतात आणि काम आले की काही मायक्रोसेकंदांत जागे होतात. यात लिंकचा स्पीड बदलत नाही. म्हणून १०० दिसत असेल तर आधी केबल बघा. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ नंबरच्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. जुना स्विच १०० चाच असेल, तर तुटलेली तार वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. आमच्या लॅबमध्ये आम्ही नवा स्विच परत करायला निघालो होतो. दोष निघाला कनेक्टरमध्ये नीट न बसलेल्या तपकिरी तारेत. चांगली केबल लावून पाहणे हीच सोपी परीक्षा.

काही जण कार्डावर १०० फुल डुप्लेक्स पक्के करून टाकतात. तसे करू नका. ऑटोवर असलेला समोरचा स्विच मग हाफ डुप्लेक्स धरतो आणि नेट रखडते. स्पीड अँड डुप्लेक्स ऑटोवरच ठेवा.

लिंक तुटत असेल आणि केबल ठीक असेल, तर संशय वीज बचतीवर घ्यावा. आधी कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद करा. ग्रीन इथरनेट हा पर्याय दिसला तर तोही. लिनक्सवर हेच काम ईथटूल कमांडने होते. ही सोय दोन्ही टोके राजी असतील तरच चालते, त्यामुळे कार्डाकडून बंद केली तरी पुरते. स्विचला हात लावायची गरज नाही. बदल करताना लिंक क्षणभर जाते, म्हणून फॉर्म भरणे चालू असताना हे करू नये. ज्या मशीनला त्रास नाही, तिथे बचत चालू राहू द्या.