चूल, कणगी आणि रात्रपाळी : पाळीव मांजराच्या निद्रासवयींतील बदलांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पाळीव प्राण्यांच्या इतिहासात गाय, बैल व घोडा यांना मानाचे स्थान मिळाले आहे. शेती, दळणवळण आणि युद्ध यांच्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. मांजर मात्र घरात राहूनही इतिहासाबाहेर राहिले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्र्यांची मोजदाद झाली. मांजरांची झाली नाही. अशा प्राण्याच्या झोपेचा विचार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मांजर कोठे व केव्हा झोपते, हे बहुतांशी घराच्या रचनेवर आणि घरातील माणसांच्या दिनक्रमावर अवलंबून असते. म्हणून त्याच्या झोपेतील बदल हा घरातील बदलाचाही पुरावा ठरतो. पालघर तालुक्यातील सूर्या नदीकाठचे मासवण आणि बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा यांच्या संदर्भात हा मुद्दा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निद्रेची पूर्वपीठिका

सायप्रस बेटावर मनुष्याच्या शेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशियातील रानमांजरात असल्याचे २००७ च्या जनुकीय संशोधनाने दाखवले. धान्याची साठवण, त्यामागून आलेले उंदीर आणि उंदरांमागून आलेले मांजर, असा हा क्रम मानला जातो. भारतीय उपखंडात सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो येथील एका विटेवर मांजर व कुत्रा यांच्या पंजांचे ठसे उमटलेले आहेत.

मांजर पहाटे व तिन्हीसांजेला अधिक चपळ असते आणि दिवसाकाठी साधारणपणे बारा ते सोळा तास झोपते. यातील बराच काळ सावध डुलकीचा असतो. डोळे मिटलेले असले तरी कान जागे असतात. या मिटलेल्या डोळ्यांना भारतीय परंपरेने दांभिकतेचा अर्थ दिला. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातील शिल्पपटात तपस्व्याच्या पवित्र्यात उभे असलेले मांजर कोरलेले आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, ही मराठी म्हणही त्याच दृष्टीची आहे. याउलट मिशेल जूव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास मांजरांवरील प्रयोगांतूनच निद्रेतील एका स्वतंत्र अवस्थेचे वर्णन केले. या अवस्थेत मेंदू जागृतीसारखा क्रियाशील, परंतु स्नायू पूर्ण शिथिल असतात.

प्लेग आणि मांजराचे काम

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो, हे पुढील दशकात प्रस्थापित झाले. या पार्श्वभूमीवर भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्लेगप्रतिबंधासाठी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. मांजरालाही प्लेग होतो व त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो, हे आज ज्ञात असल्याने हा उपाय निर्दोष मानता येत नाही. तथापि त्या काळी मांजराचे रात्रीचे जागणे हे घराच्या रक्षणाचे काम समजले जात होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दिवसाची झोप ही त्या कामाची दुसरी बाजू होती.

मासवण परिसरातील स्थित्यंतर

या भागातील जुन्या घरांत कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, चूल, माळा आणि भात साठवण्याची कणगी ही प्रमुख अंगे होती. मांजराच्या शरीराला साधारण तीस ते अडतीस अंश सेल्सिअस तापमान सुखकर असते. म्हणजे माणसाला उकडते तेथे ते निवांत पडते. त्यामुळे हिवाळ्यात विझत्या चुलीजवळची ऊबदार राख ही त्याची स्वाभाविक शय्या होती. कणगीमुळे उंदीर येत आणि उंदरांमुळे मांजराची रात्र जागती राही.

तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले. त्यानंतरच्या दशकांत बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्र वाढत गेले आणि पाळ्यांमध्ये चालणारे काम परिसरातील कुटुंबांच्या अंगवळणी पडले. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने ग्रामीण घरांत गॅसजोडण्या पोहोचवल्या. गॅसची शेगडी विझली की मागे ऊब उरत नाही. सिमेंटच्या घरात कणगी राहत नाही आणि भात पिशवीतून येतो. म्हणजे मांजराची शय्या आणि त्याचे काम, दोन्ही एका पिढीच्या अवधीत क्षीण झाली.

इटलीतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मालकांच्या निकट सहवासात राहणाऱ्या मांजरांची हालचाल माणसांच्या दिनक्रमाशी जुळलेली, तर रात्री बाहेर राहणाऱ्या मांजरांची हालचाल प्रामुख्याने रात्रीची आढळली. हा निष्कर्ष औद्योगिक पट्ट्याला लावून पाहता येतो. रात्रपाळीहून सकाळी परतलेला मनुष्य मांजराला खाऊ घालून स्वतः झोपत असेल, तर त्याचे मांजरही त्याच वेळी झोपू लागणे स्वाभाविक होय. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

बदलाचे वाचन : एक सावधगिरी

तथापि प्रत्येक बदलाला घराचा इतिहास कारण नसतो. माळ्यावर झोपणारे वयस्क मांजर एकाएकी जमिनीवरच पडून राहू लागले, तर सांधेदुखीची शक्यता असते. थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास म्हातारे मांजर अस्वस्थ होते व रात्री ओरडते. मांजरांतील हा विकार १९७९ साली प्रथम वैद्यकीयदृष्ट्या नोंदला गेला. झोपेसोबत भूक, पाणी पिणे किंवा लघवी यांतही फरक पडला असेल, तर पशुवैद्यकाकडे जाणे आवश्यक आहे. घरातील पॅरासिटामॉल देणे मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते. मांजर आपले दुखणे सहसा दाखवत नाही. म्हणून वार्धक्य किंवा आळस म्हणून सोडून दिलेल्या झोपेत अनेकदा वेदना दडलेली असते.

निष्कर्ष

मांजराच्या झोपेतील बदलाचे वाचन तीन पातळ्यांवर करावे लागते : जातीचा स्वभाव, घराचा दिनक्रम आणि शरीराची अवस्था. पहिला हजारो वर्षांत घडला, दुसरा एका पिढीत पालटतो, तर तिसरी काही दिवसांतच पालटू शकते. घरात अलीकडे काय बदलले, हा प्रश्न प्रथम विचारावा; त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास शरीराकडे वळण्यास विलंब करू नये. चुलीजवळचे मांजर पाहिलेली पिढी आज वृद्ध होत आहे. तिच्या आठवणी विद्यार्थ्यांकडून मौखिक इतिहास म्हणून नोंदवून घेणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. पशुगणनेत ज्याला रकाना नाही, त्या प्राण्याचा पुरावा या आठवणींतच शिल्लक आहे.