युनिक्सची खातेवही: उघडी, बंद, पुन्हा उघडी

युनिक्स किंवा लिनक्स संगणकाच्या कमांड लाइनवर 'आयडी' हा छोटा आदेश दिला की एका ओळीत उत्तर येते: वापरकर्त्याचा क्रमांक, कंसात त्याचे नाव, त्याच्या मूळ गटाचा क्रमांक आणि तो आणखी ज्या गटांत आहे त्यांची यादी. आदेशापुढे दुसऱ्या कुणाचे नाव टाकले तर त्याचीही हीच माहिती मिळते. सर्वसाधारण मांडणीच्या यंत्रावर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. खात्यांची नोंदवही वाचायला खुली ठेवायची आणि गुपित तेवढे वेगळे झाकायचे, ही रीत एका दिवसात ठरलेली नाही. ती आधी होती, मग मोडली आणि मोठी किंमत दिल्यावर परत आली.

संगणकावर 'खाते' हा शब्द आला तो अगदी शब्दशः हिशेबाच्या अर्थाने. १९६०च्या सुमारास एक मोठे यंत्र म्हणजे एका संस्थेची सगळी संगणकशक्ती असे आणि त्याचा प्रत्येक मिनिट मोलाचा असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकाच यंत्रावर अनेकांनी आपापल्या टंकयंत्रावरून एकाच वेळी काम करायचे, अशी तिची कल्पना होती. तेव्हा कुणी किती वेळ वापरला हे मोजणे भाग पडले. प्रत्येकाला एक प्रकल्प क्रमांक आणि एक प्रोग्रामर क्रमांक मिळाला आणि एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून पासवर्ड आला.

पासवर्डांची यादी साध्या मजकुरात एका फाइलमध्ये होती, आणि तिची पहिली चोरी व्हायला फार वेळ लागला नाही. १९६२मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला मिळणारा यंत्रवेळ अपुरा पडू लागला. छापखान्याच्या यंत्राकडे पंच कार्ड देऊन कोणतीही फाइल छापून घेता येत असे. त्याने पासवर्डांचीच फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम चालू ठेवले. याच प्रणालीवर पुढे आणखी एक प्रसंग घडला. संपादनाच्या प्रोग्राममध्ये दोघांच्या तात्पुरत्या फाइलींना एकच नाव मिळाले आणि त्यांची अदलाबदल झाली. त्यामुळे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी साऱ्यांचे पासवर्ड छापून मिळू लागले. कॉर्बातो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकिगत स्वतः सांगितली आहे. दोन्ही घटनांचा धडा एकच होता. ओळख आणि गुपित एकाच कागदावर लिहिले की एक दाखवताना दुसरेही दिसते.

सीटीएसएसनंतर एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही प्रणाली उभारायला घेतली. मल्टिक्समध्ये वापरकर्त्याच्या नावातच त्याचा प्रकल्प जोडलेला असे: आधी व्यक्ती, मग टिंब, मग प्रकल्प. कोण कोणत्या गटाचा, हा प्रश्न असा नावातच सुटलेला होता. १९६९मध्ये बेल लॅब्ज या प्रकल्पातून बाहेर पडली. तिच्या न्यू जर्सीतील मरे हिल केंद्रात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर स्वतःची प्रणाली लिहिली. तीच युनिक्स.

युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. आजच्या वाचकाला नवल वाटावे अशी एक गोष्ट तीत सापडते. 'इटीसी' डिरेक्टरीत तेव्हा खात्यांसाठी दोन फाइली होत्या. 'पासवर्ड' नावाच्या फाइलमध्ये नाव, पासवर्ड आणि क्रमांक असे, आणि ती सुपर-युजरखेरीज कुणाला वाचता येत नसे. 'यूआयडीज' या दुसऱ्या फाइलमध्ये फक्त नावे आणि क्रमांक होते. कोणत्या नावाचा क्रमांक कोणता, हे प्रोग्रामांना सतत लागते. फाइलीची मालकी डिस्कवर क्रमांकानेच लिहिलेली असते. यादी दाखवताना त्या क्रमांकाचे नाव करावे लागते. म्हणून दुसरी फाइल खुली होती. सध्या यंत्रावर कोण बसले आहे हे सांगणारा 'हू' हा आदेशही याच पहिल्या आवृत्तीत होता. आज पन्नास वर्षांनंतरही तो त्याच नावाने चालतो.

मग पासवर्ड सांकेतिक रूपात साठवण्याची सोय झाली. मूळ शब्द फाइलमध्ये राहीनासा झाल्यावर ती लपवण्याचे कारण उरले नाही, असे तेव्हा वाटले. दोन फाइलींची एक झाली आणि ती सर्वांना वाचायला खुली झाली. १९७५च्या सहाव्या आवृत्तीत तिचे रूप पक्के दिसते. एका खात्याची एक ओळ, ओळीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी तोडलेले सात रकाने: नाव, सांकेतिक पासवर्ड, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, किरकोळ माहिती, घरची डिरेक्टरी आणि शेल. पाचव्या रकान्याचे नाव 'जीकॉस' असे आहे. बेल लॅब्जमध्ये छपाईची कामे जीकॉस प्रणालीच्या मोठ्या यंत्राकडे पाठवली जात आणि तिथला खातेक्रमांक इथे लिहिलेला असे. ते यंत्र गेले, ती छपाई गेली, पण माणसाचे पूर्ण नाव लिहिण्याच्या रकान्याला आजही तेच नाव आहे.

गटांची फाइल आणि गट बदलण्याचा 'न्यूग्रुप' हा आदेशही सहाव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत आहे. त्या काळी वापरकर्ता एका वेळी एकाच गटात असे. दुसऱ्या गटाच्या फाइलींवर काम करायचे तर 'न्यूग्रुप' देऊन पहिल्या गटातून बाहेर पडावे लागे. क्रमांकासाठी एकच बाइट होता, म्हणजे ० ते २५५ एवढेच क्रमांक शक्य होते. एका प्रयोगशाळेला तेवढे पुरत होते. १९७९च्या सातव्या आवृत्तीत क्रमांक १६ बिटांचे झाले.

गटांच्या इतिहासातला खरा बदल बर्कलीत झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४.२बीएसडी या १९८३च्या आवृत्तीने एका वापरकर्त्याला एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची मुभा दिली. तेव्हापासून गटाचे सभासदत्व दोन ठिकाणी नोंदले जाते. मूळ गट पासवर्ड फाइलच्या चौथ्या रकान्यात असतो आणि जोडगट गटांच्या फाइलमध्ये, त्या त्या गटाच्या ओळीच्या शेवटी. नव्या व्यवस्थापकाची पहिली चूक इथेच होते. गटांच्या फाइलमध्ये 'ग्रेप' आदेशाने एखादे नाव शोधले की जोडगट मिळतात, पण मूळ गट निसटतो. उलट बाजूनेही तसेच आहे: गटाच्या ओळीत कुणाचेच नाव नसेल तरी तो गट रिकामा असेलच असे नाही. दोन्ही नोंदी जुळवून उत्तर देण्याचे काम 'आयडी' करतो.

दुसरा घोटाळा याहून अवघड आहे. लॉगिन करतानाच गटांची यादी वाचली जाते आणि त्या सत्रातल्या प्रत्येक प्रक्रियेला ती वारशाने मिळते. नंतर व्यवस्थापकाने फाइलमध्ये नाव वाढवले किंवा कमी केले तरी चालू सत्राला त्याचा पत्ता नसतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव आर्डुइनोचा बोर्ड जोडताना हमखास येतो. डेबियन किंवा उबंटूवर सीरियल पोर्ट 'डायलआउट' या गटाच्या ताब्यात असतो. टेलिफोनच्या मोडेमचा जमाना सरला तरी नाव तेच राहिले आहे. स्वतःला त्या गटात घातल्यावरही परवानगी नाकारली जाते, आणि लॉगआउट करून पुन्हा आत आले की बोर्ड बोलू लागतो. अशा वेळी 'आयडी' नुसता दिला तर चालू सत्राची खरी स्थिती दिसते आणि नावासह दिला तर फाइलींतली नोंद दिसते. दोन उत्तरांत फरक पडला तर आदेश चुकलेला नसतो, सत्र जुने असते. खाते तपासणाऱ्याने हा भेद मनात पक्का करून ठेवायलाच हवा. कारण उलट दिशेने तो धोक्याचा आहे: गटातून काढलेला माणूस लॉगआउट होईपर्यंत जुन्या अधिकारानेच काम करत राहतो.

अधिकाराचा गट म्हणजे 'व्हील'. बड्या असामीला व्हील म्हणण्याची अमेरिकन बोलीतली रीत टेनेक्स प्रणालीतून बर्कलीत आली. बीएसडीवर 'सू' आदेशाने रूट, म्हणजे सुपर-युजर, होण्याची मुभा या गटाच्या सभासदांनाच असे. ग्नू प्रकल्प सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना हे मान्य नव्हते. मूठभरांनी इतरांवर सत्ता गाजवण्याचे ते साधन आहे, असे सांगून त्यांनी ग्नूच्या 'सू'मध्ये ती अट ठेवली नाही आणि कारणही पुस्तिकेत लिहून ठेवले. दुसरीकडे, बफेलोच्या विद्यापीठात १९८०च्या सुमारास बॉब कॉगशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सूडू' लिहिला होता, आणि आज अधिकार वाटण्याचे बहुतेक काम तोच करतो. रेड हॅट घराण्यात 'व्हील' आणि उबंटूत 'सूडू' या गटांत कोण आहे, हे पाहणे म्हणजे यंत्राची किल्ली कुणाकुणाकडे आहे ते पाहणे. अलीकडे त्यांच्या जोडीला 'डॉकर' हा गटही धरावा लागतो. त्याचे सभासदत्व रूटच्या अधिकाराइतकेच मोठे आहे, आणि नावावरून ते कळत नाही.

दरम्यान उघड्या फाइलीचा प्रश्न पुन्हा वर आला होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी नोव्हेंबर १९७९मध्ये पासवर्डांच्या सुरक्षिततेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड, फार साधे किंवा शब्दकोशातलेच होते. सांकेतिक रूपावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही हे खरे. पण शब्दकोशातला एकेक शब्द सांकेतिक करून फाइलशी ताडून पाहता येतो. फाइल खुली असल्याने हे ताडणे कुणालाही शक्य होते. म्हणूनच सातव्या आवृत्तीत डीईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीवर आधारलेली, मुद्दाम संथ केलेली रीत आणि प्रत्येक पासवर्डात मिसळलेले १२ बिटांचे 'मीठ' आले. पण यंत्रे वेगवान होत गेली.

२ नोव्हेंबर १९८८ला हे सारे एकाच रात्री उघडे पडले. इंटरनेटवर सुटलेला मॉरिस वर्म अनेक वाटांनी शिरत होता. त्यांतली एक होती 'फिंगर' सेवेतली चूक. फिंगर हा आदेश लेस अर्नेस्ट यांनी १९७१मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लिहिला होता. 'हू'च्या लांब यादीवर लोक बोट फिरवत माणूस शोधत, म्हणून त्याचे हे नाव. कोण कुठे आहे हे सांगणाऱ्या मायाळू आदेशाची सेवाच घुसखोराचे दार ठरली. वर्मची दुसरी वाट म्हणजे खुली पासवर्ड फाइल: ती वाचून तो ४३२ शब्दांच्या स्वतःच्या यादीतून पासवर्ड ओळखत असे. तो लिहिणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस हा १९७९चा निबंध लिहिणाऱ्या मॉरिस यांचाच मुलगा होता.

उपाय आधीच सुरू झाले होते. स्वतःच्या यंत्रावर घुसखोरी झाल्यावर ज्युली हॉ यांनी १९८७मध्ये 'शॅडो' संच लिहिला होता. तोच पुढे लिनक्सवर आला. १९८८च्या सिस्टीम व्ही रिलीज ३.२मध्ये आणि १९९०च्या ४.३बीएसडी रिनोमध्येही सांकेतिक पासवर्ड वेगळ्या, फक्त रूटला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये गेले. १९७१ची दोन फाइलींची मांडणी अशी सोळा ते एकोणीस वर्षांनी परत आली. पहिल्या आवृत्तीतला निर्णय बरोबर होता, आणि मधल्या काळातली एकच खुली फाइल ही सोय म्हणून केलेली चूक होती, असे आता म्हणायला हरकत नाही.

पाहण्याच्या आदेशांनाही याच काळात शिस्त लागली. बीएसडीकडे 'ग्रुप्स' आणि 'हूअ‍ॅमआय' असे वेगवेगळे आदेश होते, सिस्टीम व्हीकडे 'आयडी' होता. १९९२च्या पॉझिक्स मानकाने 'आयडी' निवडला, कारण बाकीच्यांचे काम त्याच्या पर्यायांतून होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५च्या सुमारास 'यलो पेजेस' आणून अनेक यंत्रांची खाती एका ठिकाणाहून वाटायला सुरुवात केली. ब्रिटिश टेलिकॉमच्या नाममुद्रेमुळे तिचे नाव पुढे 'एनआयएस' झाले. तिच्यामागून त्याच कामासाठी एलडॅप आले. परिणामी 'कॅट'ने फाइल वाचून सगळी खाती दिसतील हा भरवसा संपला. मोठ्या कार्यालयातल्या माणसाचे खाते त्या यंत्राच्या फाइलमध्ये बहुधा नसतेच. म्हणून 'गेटएन्ट' हा आदेश वापरायचा: यंत्राला जिथून जिथून खाती मिळतात त्या साऱ्या ठिकाणी तो विचारतो. तपासणी नेहमी त्यानेच करावी. मर्यादाही सैल झाल्या आहेत. २००१च्या लिनक्स २.४पासून क्रमांक ३२ बिटांचे झाले, आणि २००४च्या २.६.४पासून एक वापरकर्ता ३२ऐवजी ६५,५३६ जोडगटांत राहू शकतो. दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली वापरू देणाऱ्या एनएफएसच्या जुन्या ओळख-पद्धतीत मात्र सोळाच गट पोचतात. सतराव्या गटाच्या जोरावर फाइल उघडू पाहणाऱ्याला नकार मिळतो, आणि 'आयडी' तर सगळे गट दाखवत असतो.

'इटीसी'मधली 'पासवर्ड' फाइल अजून जागेवर आहे, सर्वांना वाचायला खुली आहे आणि तिचे रकाने सातच आहेत. तिच्यात पासवर्ड मात्र नाही. दुसऱ्या रकान्यात, जिथे तो असायचा तिथे, आज 'एक्स' हे एकच अक्षर असते.