एका गांधीलमाशीची चार नावं

वडखळ नाक्यावरून एक रस्ता अलिबागला फुटतो आणि महामार्ग पुढे गोव्याकडे जातो. ह्या तिठ्याभोवतालची शेती म्हणजे मुख्यतः पावसाळी भात. आणि भात म्हटलं की खोडकिडा आलाच. अळी खोडात शिरली की रोपाचा गाभा सुकतो, आणि पुढे लोंबी आली तरी ती पोकळ, पांढरी. अळी एकदा आत गेली की तिच्यापर्यंत फवारा नीट पोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठायचं.

हे काम ट्रायकोग्रामा करते. ही गांधीलमाशीच्या गणातली, पण माणसाला चावत नाही. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्या अंड्यातून अळीऐवजी हिचीच पिल्लं बाहेर येतात. शेतकऱ्यांना ती ट्रायकोकार्डामुळे ठाऊक आहे.

आता प्रश्न असा, की त्या कार्डावर नेमकी कोणती ट्रायकोग्रामा आहे?

आपल्याकडे १९३० च्या दशकात म्हैसूर भागात उसाच्या किडीविरुद्ध ह्या माश्या वाढवून सोडायचे प्रयोग झाले. तेव्हाच्या लेखनात तिला सरसकट 'मिन्यूटम' म्हणत. हे नाव १८७१ साली अमेरिकेत रायली यांनी दिलेलं. पुढे तिच्यावर 'ऑस्ट्रॅलिकम' हे लेबल चिकटलं. ते नाव गिरॉल्ट यांचं, १९१२ चं, ऑस्ट्रेलियातल्या माशीला दिलेलं. म्हणजे माशी इथली आणि नावं परमुलखातली!

हा गोंधळ निव्वळ निष्काळजीपणाचा नव्हता. जुने अभ्यासक रंग आणि आकार पाहत. पण ही माशी थंडीत वाढली तर काळपट होते, उष्णतेत वाढली तर पिवळी. मोठ्या अंड्यातून निघाली तर मोठी, लहान अंड्यातून निघाली तर लहान. मग ओळखायचं कसं?

उत्तर शोधलं बंगळुरूच्या राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेतल्या सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज यांनी. १९७१ साली त्यांनी दाखवलं की नराच्या जननांगाची रचना ही भरवशाची खूण आहे. दोन वसाहतींचा संकर करून संतती होते का, हेही त्यांनी तपासलं. भारतातली 'ऑस्ट्रॅलिकम' ही खरी ऑस्ट्रॅलिकम नाही, हे त्यातून दिसलं. मग इटलीच्या विज्जानी यांनी १९७६ मध्ये तिला नवं नाव दिलं, 'कन्फ्यूजम'. नावातच गोंधळ! पण तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, नगरकट्टी आणि नागराज यांनी दाखवून दिलं की जपानच्या इशी यांनी १९४१ साली वर्णन केलेली 'चिलोनिस' हीच ती. नामकरणात आधीच्या नावाचा मान पहिला, म्हणून 'चिलोनिस' टिकलं.

तरी गाडी इथे थांबली नाही. काही वसाहतींत नर जन्मतच नाहीत. मग नराची खूण बघायची कुठे? १९९० साली दिसलं की अशा माद्यांना प्रतिजैविक दिलं की पुन्हा नर होतात. कारण होतं त्यांच्या शरीरातला एक जीवाणू, वोल्बाकिया. पुढे डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखायची सोय झाली, आणि मादीवरूनही निर्णय शक्य झाला.

तुम्ही म्हणाल, नावाला एवढं महत्त्व कशाला? कारण प्रत्येक जातीचं काम वेगळं. उसाच्या खोडकिड्यासाठी आणि भाताची पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी चिलोनिस सोडतात. भाताच्या खोडकिड्यासाठी मात्र 'जापोनिकम' लागते. पेण-वडखळच्या शेतात चुकीच्या जातीचं कार्ड टाचलं, तर हंगाम गेला आणि वर 'मित्रकीटक फुकट आहेत' हा शेराही बसला. जुन्या अहवालात 'मिन्यूटम सोडली, फायदा झाला नाही' असं वाचलं, तर अपयश कोणत्या माशीचं होतं हे आज कसं सांगणार? नमुना जपून ठेवला असेल तरच.

म्हणून आपली विनंती साधी आहे. कार्ड घेताना जातीचं पूर्ण नाव विचारा, ते वहीत तारखेसह लिहा, आणि त्यातल्या चार माश्या अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला निदान पुरावा तरी मिळेल.