नाल्यावाटे गेलेला कस

इतिहास म्हटला की तख्त, तह आणि तलवारी आपल्या डोळ्यांपुढे येतात. धार-देवासच्या पवारांचा इतिहासही आपण तसाच वाचत आलो. आज मी याच प्रदेशातील एका मूक ऱ्हासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. डहीच्या डोंगरउतारावरील पाणी नाल्यांवाटे नर्मदेला मिळते आणि त्याबरोबर शेताचा कसही जातो. खळ्यावर आलेले धान्य मोजता येते. हा गेलेला कस सहसा मोजलाच जात नाही.

उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की मातीतील सूक्ष्म जीव जागे होतात व नायट्रेट झपाट्याने तयार होते. ते शोषून घेण्याइतकी पिकाची मुळे तेव्हा वाढलेली नसतात. अशा वेळी वादळी पाऊस कोसळला, तर विरघळलेले नायट्रेट पाण्याबरोबर निघून जाते. स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटलेला असल्याने गढूळ पाण्यातून जातो. म्हणूनच वर्षाच्या हानीचा मोठा वाटा पुष्कळदा दोन-चार पावसांतच उरकतो.

यावरील एक उपाय जवळच, इंदूरला सिद्ध झाला. होळकर दरबारच्या जमिनीवर १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतिसंशोधन संस्था उभारली. १९३१ साली त्यांनी यशवंत वाड यांच्यासह काडीकचरा व शेण कुजवून खत करण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. अशा खताने माती रवाळ होते, पाणी मुरते आणि अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात.

माळव्यात गव्हासाठी राखलेली काळी राने पूर्वी पावसाळाभर उघडी असत. १९७० नंतर सोयाबीनने त्यांतील बरीच झाकली. पण त्याच काळात रासायनिक खतेही वाढली. युरिया टाकताच मुसळधार सर आली, तर विकत घेतलेला नत्रही नाल्यास मिळतो.

पूर्वी वाहती नर्मदा हा भार पुढे नेई. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि आपला नदीकाठ संथ जलाशयाचा काठ झाला. साचलेल्या पाण्यात हीच अन्नद्रव्ये शेवाळास पोसतात. शेताचे नुकसान आता पाण्याचेही नुकसान ठरू शकते.

उताराला आडवी नांगरट, नाल्याकाठी गवताचा पट्टा आणि मातीत कुजलेले खत ही कामे मृगापूर्वीच व्हावी लागतात. वादळ सरल्यावर नाल्याकाठी उभे राहून गेलेला कस परत आणता येत नाही.