पूर्वकर्करोगी चट्टे आणि रक्तातील मेद
‘पूर्वकर्करोगी चट्टा’ म्हणजे कर्करोग नव्हे, तर पुढे त्यात रूपांतर होण्याचा धोका असलेला बदल. चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार रोज जिथे धरला जातो, नेमका तिथेच उमटणारा आणि पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा (ल्युकोप्लाकिया) हे त्याचे ठळक उदाहरण. अशा रुग्णांच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल निरोगी व्यक्तींपेक्षा कमी असल्याचे भारतातील अनेक अभ्यासांत आढळले असून, झपाट्याने विभागणाऱ्या पेशी नवी आवरणे घडवण्यासाठी ते ओढून घेतात, शिवाय तंबाखूमुळे वाढणारे मुक्त मूलक (अस्थिर, क्रियाशील कण) मेदाचे ऑक्सिडीकरण करतात, अशी त्याची उपपत्ती मांडली जाते. परंतु अपुऱ्या आहारानेही हे आकडे घटत असल्याने त्यांवरून निदान करणे चूक ठरेल. चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी, म्हणजे बायोप्सी, हीच निर्णायक होय.